जुना दागिना स्वस्त का मिळतो?



अलीकडे लग्नकार्यात ठुशी, चिंचपेटी, बुगड्या यांची हौस पुन्हा आली आहे. नवा डाग घडवायचा तर मजुरी भारी, म्हणून जुना कोठे स्वस्तात मिळेल अशी विचारपूस आपल्यात चालते. कोणी पुण्याच्या जुन्या बाजारात शोधते, कोणी मुंबईच्या चोरबाजारात, तर कोणी ओळखीच्या सराफाला सांगून ठेवते की, मोडीत काही चांगले आले तर कळवा. हौसेला नावे ठेवावीत म्हणून मी हे लिहीत नाही. पण जुना दागिना स्वस्त का मिळतो, याचा थोडा इतिहास आपणांस माहीत असावा.

प्रथम पुतळ्यांची माळ घ्या. इटलीतील व्हेनिस या व्यापारी राज्याने १२८४ साली सोन्याचे एक नाणे पाडण्यास आरंभ केला. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम आणि सोने जवळजवळ शुद्ध. व्यापाराच्या मोबदल्यात ही नाणी आपल्या देशात आली. त्यांवर माणसांच्या आकृती, म्हणून आपल्या लोकांनी त्यांना पुतळी म्हटले. १७९७ साली व्हेनिसचे राज्य बुडाले, पण आपल्या सोनारांनी त्याच घाटाच्या पुतळ्या करून माळेत ओवल्या. एवढा प्रवास करून आलेला हा डाग वजनकाट्यावर मात्र निव्वळ सोने म्हणूनच मोजला जातो!

आता दागिने विकले गेले ते कसे, हे पाहू. नागपूरचे तिसरे रघुजी भोसले १८५३ साली निपुत्रिक वारले. पुढच्या वर्षी डलहौसीने ते राज्य खालसा केले. राजवाड्यातील जडजवाहीर कलकत्त्यास नेऊन लिलावात विकले गेले. वृद्ध बांकाबाईंनी विरोध केला, पण त्यांचे काही चालले नाही. ज्यांच्या अंगावरचे दागिने, त्यांना भाव ठरविण्याचा अधिकारच उरला नव्हता.

राजवाड्याची ही गत, तर शेतकऱ्याच्या घराची काय कथा? १९२९ नंतरच्या मंदीत धान्याचे व कापसाचे भाव कोसळले. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने सुवर्णचलन सोडले. रुपया पौंडाशी बांधलेला असल्यामुळे येथे सोन्याचा भाव चढला. तोळ्यास एकवीस-बावीस रुपये होता, तो काही वर्षांत तिशीच्या वर गेला. इकडे सावकाराचे व्याज आणि सरकारी सारा थांबत नव्हता. मग गोठ, पाटल्या, सरी बाहेर निघाल्या. एरवी बाहेरून सोने आणणारा आपला देश सोने बाहेर पाठवू लागला. मुंबई बंदरातून कोट्यवधी रुपयांचे सोने गेले. भाव चढता होता हे खरे, पण विकणारीला वाट पाहण्याची सवड नव्हती. शिवाय मुशीत गेलेल्या दागिन्याची घडण कायमची गेली.

पुढे १९६२ च्या चीन युद्धात पुष्कळ स्त्रियांनी संरक्षण निधीस आपणहून दागिने दिले. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रण आले आणि १४ कॅरटहून अधिक कसाचा नवा दागिना घडविण्यास बंदी झाली. हजारो सोनारांचा धंदा बसला. १९६६ साली १४ कॅरटची अट गेली आणि १९९० साली कायदाही रद्द झाला. पण मधल्या काळात ज्यांनी धंदा सोडला, त्यांच्यातील पुष्कळांच्या हातची कला त्यांच्याबरोबरच गेली. आज जुन्या घडणीचे मोल वाटते, त्याचे हेही एक कारण आहे.

सारांश, जुन्या दागिन्याला दोन मोल असतात. एक सोन्याचे, दुसरे घडणीचे. मोडीत पहिलेच धरतात, आणि तेही घट कापून. घेणारीला जो फायदा दिसतो, तो बहुधा विकणारीच्या हातून सुटलेले दुसरे मोल असते.

म्हणून विकताना दागिना आधी दोन-तीन ठिकाणी दाखवावा. घडण चांगली असेल तर ती मोडीत न देता तशीच घेणारे गिऱ्हाईक शोधावे. विकत घेताना बोरमाळ, मोहनमाळ यांच्या मण्यांत लाख भरलेली असते हे ध्यानात ठेवावे. सोन्याच्या भावाने लाखेचे पैसे देऊ नयेत. जून २०२१ पासून नव्या दागिन्यांना हॉलमार्कची सक्ती टप्प्याटप्प्याने आली, परंतु जुन्यावर तो शिक्का बहुधा नसतो, तेव्हा मान्यताप्राप्त केंद्रात कस तपासून घ्यावा. नथीचे मोती बसऱ्याचे म्हणून कोणी जादा दाम सांगितले, तर मोती दातावर घासून निर्णय करू नये. काचेचा मोती त्याने ओळखू येतो. शिंपल्यात माणसाने मुद्दाम वाढवलेला मोती मात्र खऱ्यासारखाच खरखरीत लागतो. त्याची पारख प्रयोगशाळेतच होते. आणि पावती घेतल्यावाचून उठू नये.

शेवटी एक विनंती. शेजारीण अडचणीत असून डाग विकावयास निघाली, तर तिला पडत्या भावाने मागू नका. तिच्याबरोबर पेढीवर जा, वजन डोळ्यांनी पाहा, हिशेब कागदावर मांडून घ्या. स्त्रीधन हे बाईच्या अडीअडचणीसाठीच असते. तिच्या अडचणीत त्याचे पुरे दाम तिच्या पदरात पडावे, एवढे तरी आपण मंडळाच्या भगिनींनी पाहावे.