तळटीप १२ : ‘दवाखान्याची आगगाडी’

१२. म्हणजे ‘लाइफलाइन एक्सप्रेस’. इम्पॅक्ट इंडिया फाउंडेशनने रेल्वेच्या मदतीने १६ जुलै १९९१ रोजी ती मुंबईहून सोडली. पहिला मुक्काम तेव्हाच्या बिहारमधल्या खलारीला. साइडिंगला उभ्या डब्यातच ऑपरेशन थिएटर. मोतीबिंदू, दुभंगलेले ओठ, पोलिओने आखडलेले पाय अशांवर तिथे फुकट शस्त्रक्रिया होतात. बाहेरगावचे सर्जन मानधन न घेता येतात.

भोर-वेल्ह्यात मात्र रूळच नाहीत! त्यामुळे मोठ्या ऑपरेशनसाठी इथला रोगी पुण्याचीच वाट धरतो.

पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर हेच काम जहाजे करतात. २००७ साली लायबेरियात पोचलेले ‘आफ्रिका मर्सी’ हे रुग्णालय-जहाज मूळचे डेन्मार्कमधले. आगगाडीचे डबे पोटात घेऊन खाडीपार नेणारी ती फेरीबोट होती.