शाळेच्या कमिटीची निवडणूक

आमच्या गावची शाळा माझ्याहून वयाने मोठी आहे. मी १९५९ सालचा. मी पहिलीत गेलो तेव्हा मातीच्या भिंतीच्या दोन खोल्या, वर टिनं आणि पुढं एक लिंबाचं झाड एवढीच शाळा होती. दारावर निळ्या रंगात 'जिल्हा परिषद मराठी शाळा' असं लिहिलेलं होतं. पण पावसाळ्यात भिंत भिजली की चुन्याखालची जुनी अक्षरं वर यायची. ती होती 'जनपद सभा'. आम्ही पोरं ती अक्षरं बोटानं गिरवायचो. त्याचा अर्थ आम्हाला कोणी सांगितला नाही.

अर्थ पुढं कळला. आमचा बुलढाणा जिल्हा तेव्हा मध्यप्रांत आणि वऱ्हाडात होता आणि राजधानी नागपूर होती. इंग्रजांच्या काळात खेड्यातल्या शाळा डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे असायच्या. १९४८ च्या कायद्यानं कौन्सिल गेलं आणि तालुक्या-तालुक्याला जनपद सभा आल्या. आमच्या मेहकर भागातली म्हातारी माणसं कितीतरी वर्षं 'जनपदचा मास्तर' असंच म्हणायची. १९५६ ला आम्ही मुंबई राज्यात गेलो, १९६० ला महाराष्ट्रात आलो आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषद आली. शाळा तिथंच, लिंबाचं झाड तिथंच, पाटी तेवढी बदलली.

माझे मामा जळगाव खानदेशातले. ते जुन्या मुंबई इलाख्यातले. ते म्हणायचे, "आमच्याकडे स्कूल बोर्ड होतं." त्यांच्याकडे १९२३ च्या कायद्यानं प्राथमिक शाळा स्कूल बोर्डाच्या ताब्यात गेल्या होत्या. आमच्याकडे कौन्सिल, त्यांच्याकडे बोर्ड. नावं वेगळी, पण एक गोष्ट सारखीच होती. शाळेचा कारभार पाहणारी माणसं तालुक्याला नाहीतर जिल्ह्याला बसत. ज्याचं पोरगं शाळेत आहे त्या बापाला विचारायची रीत कुठंच नव्हती.

पैसा मात्र त्याच बापाचा. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढं हेच मांडलं होतं. सरकारचा बराचसा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि तिच्या पोरांच्या शिक्षणावर फार थोडा खर्च होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. आमच्या प्रांतात १९३७ नंतर विद्यामंदिर योजना निघाली, तिच्यात तर गावातून जमीन मिळवायची आणि त्या जमिनीच्या उत्पन्नावर शाळा चालवायची असं ठरलं होतं. आजही शेतसाऱ्याच्या पावतीवर जिल्हा परिषदेचा उपकर वेगळा लिहिलेला असतो. म्हणजे देणारे आम्ही पहिल्यापासून होतोच. विचारणारे नव्हतो.

विचारायला गेलं की काय होतं ते मी पाहिलं आहे. मी पाचवीत असताना आमचे एक गुरुजी मला रोज दुपारी त्यांच्या म्हशीला चारा आणायला पाठवायचे. गणिताचा तास बुडायचा. एक दिवस बानं मला बांधावर पाहिलं. खांद्यावर चाऱ्याचा भारा, शाळेची वेळ. दुसऱ्या दिवशी बा धुतलेलं धोतर नेसून शाळेत आला. दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, पोरगं शिकाले पाठोलं हाये." गुरुजींनी वर न पाहता विचारलं, "तुमचं इथं काय काम? सही येते का तुम्हाला?" बा अंगठेबहाद्दर. तो काही बोलला नाही, पागोटं सावरलं आणि गेला. रात्री जेवताना माय म्हणाली, "काय म्हणले मास्तर?" बा म्हणाला, "शाळा सरकारची हाये." एवढंच.

मी दहावीपर्यंत शिकलो. १९७५ ला अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची पहिली परीक्षा झाली, त्या पहिल्या खेपेतला मी. पुढं वावर आणि मी. पण दहावी झालेला शेतकरी म्हणून गावात मला मान होता. अर्ज लिहायचा, सातबारा वाचायचा, सोसायटीचा हिशोब पाहायचा तर लोक माझ्याकडं यायचे. सर्व शिक्षा अभियानाच्या काळात ग्राम शिक्षण समिती होती, तिच्यातही मी होतो. सरपंच अध्यक्ष, हेडसर सचिव. बैठक कागदावर व्हायची. शिपाई प्रोसिडिंग बुक घेऊन घरोघर फिरायचा आणि आम्ही खाटेवर बसून सह्या करायचो.

मग १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्काचा कायदा लागू झाला. त्यात शाळा व्यवस्थापन समिती आली. हा कायदा मी पुढं नीट वाचला, म्हणून सांगतो. समितीत पाऊणपट लोक पालकच पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया पाहिजेत. महाराष्ट्र सरकारनं त्याच वर्षी जूनमध्ये निर्णय काढला. समिती बारा ते सोळा जणांची, पालक सभेतून निवडलेली, अध्यक्ष पालकांतलाच, हेडमास्तर सचिव, मुदत दोन वर्षं, महिन्याला बैठक. शाळेला येणारं अनुदान कुठं खर्च झालं हे पाहायचा आणि शाळेचा विकास आराखडा करायचा अधिकार या समितीला. जनपद गेली, कौन्सिल गेलं, पण एवढा अधिकार गावातल्या आईबापाच्या हातात कधी आला नव्हता.

आला आणि आम्ही तो पहिल्याच खेपेला घालवला. त्यात माझाही हात आहे, ते लपवत नाही.

२०१० च्या पावसाळ्यात हेडसर माझ्या वावरात आले. सोयाबीनला डवरे चालू होते. म्हणाले, "दादा, समितीत निम्म्या बाया लागतात. तुमच्या सूनबाईचं नाव टाकतो." मी म्हटलं, टाका. त्यांनी पिशवीतून प्रोसिडिंग बुक काढलं. "आता सहीसाठी घरी कुठं जाता, तुम्हीच करून टाका." मी धुऱ्यावर बसून सुनेची सही केली. पुढची दोन वर्षं जेव्हा जेव्हा बुक आलं, तेव्हा मीच केली. ती बारावी शिकलेली बाई. तिला ठाऊकही नव्हतं की ती समितीची सदस्य आहे.

२०१२ च्या जुलैत ती नातीच्या कामाला शाळेत गेली. हेडसर नव्हते. नवीन आलेल्या मॅडमनी, सदस्यांची एक सही राहिली म्हणून, बुक तिच्यापुढं ठेवलं. तिनं पानं चाळली. संध्याकाळी मी वावरातून आलो, तिनं पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाली, "मामाजी, माही सही तुम्ही लय चांगली करता."

मला उत्तर सुचलं नाही. रागावता येईना आणि हसताही येईना. तिनं पुढं जे सांगितलं ते सहीपेक्षा वाईट होतं. शाळेत मुलींची मुतारी बांधलेली होती. पण पाणी नाही आणि घाण होते म्हणून तिला कुलूप होतं. माझी नात पाचवीत. ती दुपारच्या सुट्टीत घरी यायची आणि पुष्कळदा परत जायची नाही. आम्हाला वाटायचं, पोरीला शाळेची गोडी नाही. सातवीपर्यंतच्या सगळ्या मोठ्या पोरींचं तेच होतं. आणि समितीच्या बुकात लिहिलेलं होतं, 'शाळेतील सर्व सुविधांबाबत समाधान व्यक्त करण्यात आले.' खाली सही सुनेची. म्हणजे माझी.

त्याच ऑगस्टमध्ये नवी समिती निवडायची होती. मी ठरवलं, आपणच उभं राहायचं आणि अध्यक्ष व्हायचं. पोरगा पुण्याकडे कंपनीत, म्हणजे नातीचा पालक मीच, असा माझा हिशोब. आठ दिवस फिरलो. पारावर बोललो, दोघातिघांना चहा पाजला. सरपंचाच्या बाजूचे लोकही कामाला लागले. शाळेच्या कमिटीसाठी गावात एवढी हालचाल पहिल्यांदाच झाली.

सभेला लिंबाखाली सतरंज्या टाकल्या होत्या. एका बाजूला माणसं, एका बाजूला बाया. वर्गावर्गानं पालकांची नावं घेणं सुरू झालं. पाचवीला एकच जागा होती. मी उभा राहिलो, तसा समोरच्या बाजूचा एक तरणा गडी कागद घेऊन उठला. "पोरीची माय गावात हाये ना? मंग आजा पालक होत नाही. दादा, तुमचं इथं काय काम?" सभा हसली. हेडसरांनी कायदा पाहिला आणि मान डोलावली. आई हजर असताना पालक आईच.

माझ्या कानात चाळीस वर्षांपूर्वीचं तेच वाक्य घुमलं. पण एक फरक होता. बाला त्या गुरुजींनी अन्यायानं हाकललं होतं. माझ्या बाबतीत तो पोरगा बरोबर बोलत होता. मी खाली बसलो.

बायांच्या सतरंजीवरून आवाज आला, "मंग मी उभी राह्यतो." सून होती. डोक्यावरचा पदर तसाच, आवाज मात्र खणखणीत.

सरपंचाच्या बाजूनं दुसऱ्या एका बाईचं नाव तिच्या नवऱ्यानं सुचवलं. बाई सभेला आलेलीच नव्हती. सून म्हणाली, "बोलवा तिले. तिनं इथं येऊन उभी राहतो म्हणलं पाहिजे." नवरा कुरकुरला, पण गेला आणि तिला घेऊन आला. हात वर करून मत घ्यायचं तर कोणी सरपंचाला दुखवायला धजेना. चिठ्ठ्या कराव्या तर अर्ध्यांना लिहिता येईना. शेवटी खिचडी करणाऱ्या बाईनंच मार्ग काढला. तिनं कोठीतून मसूर आणि हरभरा आणला. प्रत्येकाच्या हातात दोन्हीचा एकेक दाणा दिला. सुनेला मसूर, दुसरीला हरभरा. एक दाणा मूठ झाकून पातेल्यात टाकायचा, उरलेला बादलीत. पाचवीच्या एकोणीस घरांनी मत दिलं. हेडसरांनी पातेलं सतरंजीवर पालथं केलं. मसुरीचे अकरा, हरभऱ्याचे आठ.

अध्यक्ष सरपंचाच्याच बाजूचा झाला. घरी येताना मी चिडून म्हटलं, "खुर्ची गेली, आता काय उपयोग?" ती म्हणाली, "मले खुर्ची नाही पाहिजे मामाजी, कुलपाची चाबी पाहिजे."

पहिल्या महिन्याच्या बैठकीत तिनं विषय काढला. हेडसर म्हणाले, पाहू. तिनं बुक उघडून ठेवलं आणि म्हणाली, "पाहू हे लिहा. मंगच सही करतो." दुसऱ्या महिन्यातही तेच. मी तिला रात्री कायद्याचं पुस्तक वाचून दाखवायचो, एवढंच माझं काम उरलं होतं. मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह ही शाळेची सक्ती आहे आणि ती ३१ मार्च २०१३ च्या आत पुरी करायची आहे, हे त्यात होतं. तिसऱ्या बैठकीला तिच्या बाजूला दुसऱ्या दोन बायांनीही सही थांबवली. त्यांत ती हरभऱ्याची बाईही होती, ती सहावीच्या पोरीची आई म्हणून त्या वर्गातून आली होती. मग देखभाल-दुरुस्तीच्या पैशातून टाकी बसली, नळ आला. जानेवारीत कुलूप निघालं. नात दुपारची घरी येईनाशी झाली. पुढं ती मेहकरला बारावी झाली.

आता शाळेचा पट एकोणीस आहे. २०२३ साली सरकारनं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायची गोष्ट काढली, तेव्हापासून गावाला घोर लागला आहे. लोक सरकारला बोल लावतात. पण रोज सकाळी आठला पिवळी गाडी येते आणि गावातली पोरं तालुक्याच्या इंग्रजी शाळेला नेते. तिच्यात माझा धाकटा नातूही असतो. त्यामुळं या खेपेला समितीत उभं राहायला आमच्या घरातून कोणालाच हक्क नव्हता. पालक सभा होती त्या दिवशी मी शाळेच्या फाटकाशी उभा होतो. आत जायला कोणी अडवलं नसतं. पण कोणी "तुमचं इथं काय काम?" म्हटलं असतं, तर मला उत्तर नव्हतं.

ते मी घरी बोललो. पोराला फोनवरून पटत नाही, तो म्हणतो पोराचं इंग्रजी जाईल. त्याचंही खोटं नाही. सून चार दिवस काही बोलली नाही. परवा ती एस.टी.नं तालुक्याला गेली आणि नातवाचा शाळा सोडल्याचा दाखला मागायचा अर्ज देऊन आली. जूनमध्ये तो इथं चौथीत बसला तर पट वीस होतो.