नाव यादीत आहे का?

1950 साल. बिहारमधलं एक गाव. तुम्ही दाराआड उभ्या आहात, पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. बाहेर मतदारयादीचा कारकून दौत-टाक घेऊन बसलाय.

"घरात बायका किती?"

"तीन," सासरे सांगतात. "माझी बायको, थोरल्याची बायको, धाकट्याची बायको."

टाक कुरकुरतो. धाकट्याची बायको म्हणजे तुम्ही. माहेरी दिवसभर तुमच्या नावानं हाका यायच्या. लग्न झाल्यापासून ते नाव इथे कुणी घेतलेलं नाही.

कारकून पुन्हा येतो. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी बजावलंय, अमक्याची बायको, तमक्याची आई चालायचं नाही. बाईचं स्वतःचं नाव हवं. बिहारला त्यासाठी महिनाभराची मुदतही वाढवून मिळाली आहे. सासरे उठून उभे राहतात. "आमच्या घरच्या बायकांची नावं परक्यापुढे घेत नाहीत." नाव तुमच्या ओठांवर येतं आणि तिथेच अडतं.

यादी छापून येते. तुमची ओळ गाळलेली. देशातल्या सुमारे 8 कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळपास 28 लाख जणींच्या नोंदी अशाच गेल्या.

1952. पहिली सार्वत्रिक निवडणूक. शेजारीण मतदानाला निघते. तिनं नाव सांगितलं होतं. ती परतते आणि तुम्हाला सगळं सांगते: प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चित्र, हव्या त्या पेटीत कागद टाकायचा. तिच्या बोटावर शाई आहे. घटनेनं हक्क दोघींनाही सारखाच दिला होता. तुमचा मात्र घरच्या उंबऱ्यावरच अडवला गेला.

आता आजच्या काळात या. 2023 मध्ये लोकसभा आणि विधानसभांत स्त्रियांना एक तृतीयांश जागा राखून ठेवणारा कायदा झाला, पण अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघ फेररचनेवर सोडली. 2024 मध्ये 543 खासदारांत स्त्रिया निवडून आल्या 74. आणि लग्न होऊन गाव बदललेल्या कितीतरी मुलींचं नाव अजून माहेरच्याच यादीत असतं. मतदानाच्या दिवशी तिथवर जाणं जमत नाही.

म्हणून लग्नघरात आहेर मोजून झाले की नव्या सुनेसाठी मतदारयादीचा नमुना क्रमांक 8 भरा. त्या अर्जानं यादीतला पत्ता बदलता येतो. आणि तिचं नाव तिला स्वतःला सांगू द्या.