नाव पाँटीचं, सूर झॅपाचे

जाझवेड्या मित्रांत एक वाद हमखास रंगतो. 'किंग काँग' हा अल्बम नक्की कोणाचा? मुखपृष्ठावर नाव जाँ-लुक पाँटीचं, आणि तिथेच लिहिलंय की तो फ्रँक झॅपाचं संगीत वाजवतोय. सहापैकी पाच रचना झॅपाच्या, वाद्यमेळही त्याचाच. मग?

पाँटी फ्रेंच, जन्म १९४२चा. पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत पहिलं बक्षीस, मग लामुरो ऑर्केस्ट्रात वादक. अगदी घरंदाज! पण जाझकडे वळताना आधी क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन हाती घेतला. म्हणूनच की काय, त्याच्या व्हायोलिनमध्ये मला गजापेक्षा फुंकच जास्त ऐकू येते. इकडे झॅपा म्हणजे तिरकस, टवाळ गाण्यांचा रॉकवाला, पण जीव अडकलेला वारेझ आणि स्ट्राव्हिन्स्कीत.

ऑक्टोबर १९६९ मध्ये लॉस एंजेलिसला ध्वनिमुद्रण झालं, रेकॉर्ड आली १९७० मध्ये. निर्माता रिचर्ड बॉक. (पं. रविशंकरांच्या कितीतरी रेकॉर्ड्स काढणारा वर्ल्ड पॅसिफिकवाला बॉक तो हाच, बरं का!) पियानोवर जॉर्ज ड्यूक.

शीर्षकरचनेत पाँटी सुटतो. धून एकदा सांगून झाली की मोकळं रान, आणि तिथे झॅपाची आठवणही येत नाही. पण 'म्युझिक फॉर इलेक्ट्रिक व्हायोलिन अँड लो-बजेट ऑर्केस्ट्रा' ही जवळजवळ वीस मिनिटांची रचना ऐका. नावातला टोमणा खराच, हवा तेवढा वाद्यवृंद परवडलाच नव्हता! इथे बरंचसं कागदावर लिहिलेलं. ताल मोडतो, चाल मध्येच वळते, आणि पाँटी एखाद्या हुशार पाहुण्यासारखा यजमानाच्या घरात वावरतो. मला हीच बाजू जास्त आवडते. मित्रांना नाही. असो.

गंमत म्हणजे पाँटीची स्वतःची जी एकमेव रचना आहे, त्याच ट्रॅकवर झॅपा गिटार वाजवतो. तेवढ्यापुरता यजमान पाहुणा!

ड्यूक पुढे झॅपाच्या बँडमध्ये गेला. १९७३ मध्ये पाँटीही गेला, पण फार टिकला नाही. नंतर तो महाविष्णू ऑर्केस्ट्रात दिसला. आणि ती वीस मिनिटांची रचना? १९७८ च्या 'स्टुडिओ टॅन'वर ती पुन्हा आली, नव्या रूपात. शीर्षकात 'व्हायोलिन'च्या जागी झॅपाने 'गिटार' लिहिलं होतं.