किनाऱ्यावरच्या कचऱ्याची मोजदाद

विद्यार्थ्यांना घेऊन समुद्रकिनारा साफ करायला जाणे हा किनाऱ्यालगतच्या अनेक शाळांचा नेमाचा उपक्रम झाला आहे. आम्हीही एकदा कोकणातल्या एका लहान किनाऱ्यावर अशी सफाई केली. मुलांनी सकाळभर खपून पोत्यांची रास लावली. पुढच्या वर्षी तिथेच गेलो, तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, कचरा गेल्या वर्षीपेक्षा कमी आहे की जास्त?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. पोत्यांत काय होते आणि ते किती लांबीच्या पट्ट्यातून गोळा केले, यांतले काहीच आम्ही लिहून ठेवले नव्हते. अशा प्रश्नाचे उत्तर देता यावे म्हणून सफाईला मोजणीची जोड कशी मिळाली, ते येथे पाहू.

मोठ्या प्रमाणावर स्वयंसेवकांनी केलेल्या सफाईचे एक आरंभीचे उदाहरण अमेरिकेतील ऑरेगन राज्याचे आहे. तेथील मत्स्य व वन्यजीव खात्यात काम करणाऱ्या ज्युडी नील्सन यांच्या पुढाकाराने १३ ऑक्टोबर १९८४ रोजी सुमारे २,१०० नागरिक किनाऱ्यावर उतरले. प्लॅस्टिकमुळे समुद्री पक्ष्यांवर ओढवणाऱ्या संकटाविषयी वाचून त्यांना ही कल्पना सुचली होती.

दोन वर्षांनी, सप्टेंबर १९८६ मध्ये, टेक्सासमध्ये लिंडा मरानिस आणि कॅथी ओहारा यांनी सुमारे २,८०० स्वयंसेवक जमवले. दोन तासांत १२४ टन कचरा निघाला. पण या दोघींचे खरे वैशिष्ट्य वेगळे होते. उचललेल्या वस्तूंची प्रकारवार नोंद करण्यासाठी त्यांनी स्वयंसेवकांना एक छापील तक्ता दिला होता. बाटली सापडली, त्या रकान्यात एक रेघ. दोराचा तुकडा सापडला, त्याच्या रकान्यात एक रेघ.

नुसते वजन का पुरत नाही? पाणी प्यालेला एक लाकडी ओंडका शेकडो बाटल्यांच्या झाकणांहून जड भरतो. वजनाच्या आकड्यात झाकणे दिसेनाशी होतात. शिवाय वजनावरून कचरा कोणाचा हे कळत नाही; वस्तूवरून पुष्कळदा कळते.

टेक्सासच्या किनाऱ्यावर सापडणाऱ्या प्लॅस्टिकच्या लहान कड्या हे याचे सुरेख उदाहरण आहे. त्या काळी संगणकावरील माहिती चुंबकीय फितीच्या मोठ्या रिळांवर साठवत. रिळावर कडी बसवली तरच फितीवर नवी माहिती लिहिता येई. कडी काढली की आधीची माहिती सुरक्षित राही. सहलीला आलेले कुटुंब अशी कडी बरोबर आणत नाही. समुद्रतळाखाली तेल शोधणारी जहाजे मात्र कंपनलहरींच्या नोंदींसाठी अशा फिती मोठ्या संख्येने वापरत. म्हणजे कड्या जहाजांवरून आल्या होत्या. "लोक किनाऱ्यावर घाण करतात" एवढेच स्पष्टीकरण आता पुरेसे नव्हते.

जहाजांवरचा कचरा समुद्रात टाकण्यावर निर्बंध घालणारा आंतरराष्ट्रीय करार तेव्हा मंजुरीची वाट पाहत होता. मार्पोल कराराचे पाचवे परिशिष्ट ते हेच. त्याच्या समर्थनार्थ टेक्सासच्या नोंदी उपयोगी पडल्या. डिसेंबर १९८७ मध्ये अमेरिकेने मान्यता दिली आणि ३१ डिसेंबर १९८८ पासून जहाजांवरून समुद्रात प्लॅस्टिक टाकण्यास बंदी आली. पुढे युरोपातही किनाऱ्यावरील मोजणीतून सर्वाधिक आढळणाऱ्या वस्तूंची यादी निघाली आणि तिच्या आधारे २०१९ मध्ये एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकविषयीचा निर्देश तयार झाला.

सुरक्षिततेचे धडेही अनुभवातूनच मिळाले. १९८७ आणि १९८८ च्या उन्हाळ्यांत न्यू जर्सी व न्यू यॉर्कच्या किनाऱ्यांवर इंजेक्शनच्या सुया व इतर वैद्यकीय कचरा वाहून आला. अनेक किनारे बंद ठेवावे लागले आणि १९८८ मध्ये अशा कचऱ्याचा माग ठेवणारा कायदा झाला. म्हणून मुलांना आधीच बजावावे: सुया, फुटकी काच, बंद डबे, अनोळखी पिंपे आणि मेलेले प्राणी यांना हात लावायचा नाही, जागेवर थांबून शिक्षकांना हाक मारायची. जाड हातमोजे व बंद बूट हवेतच. वाळूत रुतलेले जाळे ओढू नये.

आपल्याकडे आणखी एक काळजी घ्यावी लागते. आंतरराष्ट्रीय किनारा सफाई दिन सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी असतो. कोकणात तेव्हा पावसाळा सरलेला नसतो व समुद्र खवळलेला असू शकतो. २३ सप्टेंबरच्या सुमारास दिवस-रात्र समान होतात. त्या सुमाराच्या अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती नेहमीपेक्षा मोठी असते. तेव्हा शाळेची सोय पाहून वेळ ठरवू नये. भरती-ओहोटीचा तक्ता पाहावा, ओहोटी लागल्यावर काम सुरू करावे आणि भरती सुरू होण्यापूर्वी संपवावे.

नोंदीसाठी शंभर मीटरचा पट्टा मोजून घ्यावा व दरवर्षी तोच ठेवावा. चौघांच्या गटात तिघांनी वेचावे, एकाने लिहावे. तक्त्यावर तारीख, जागा, ओहोटीची वेळ, माणसे आणि कामाचा कालावधी यांची नोंद हवी. आदल्या दिवशी कोणी सफाई केली होती का, हेही विचारून लिहावे. नाहीतर रिकाम्या किनाऱ्यावरून भलताच निष्कर्ष निघेल. एका वर्षाच्या आकड्यांवरून फार बोलू नये. तीन-चार वर्षांच्या नोंदी जमल्या की मुलेच त्यांचे आलेख काढतील, आणि ग्रामपंचायतीपुढे जाताना त्यांच्या हाती तक्रारीबरोबर पुरावाही असेल.

उचललेला कचरा पुढच्या भरतीबरोबर परत येऊ शकतो. आमची त्या वर्षीची मेहनतही तशीच वाहून गेली. आता आम्ही पोत्यांबरोबर तक्तेही नेतो. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर देण्याची सुरुवात तेवढ्याने होते.