द्रवस्फटिक-संरेखन

द्रवस्फटिकाच्या रेणूंना काचेच्या किंवा अन्य पृष्ठभागावर ठरावीक दिशेने उभे अथवा आडवे लावण्याची प्रक्रिया. नेमॅटिक जातीच्या द्रवस्फटिकात लांबट रेणू साधारण समांतर राहतात. पण कोणत्या दिशेला समांतर, हे द्रव स्वतः ठरवत नाही. ते ठरवतो त्याला लागून असलेला पृष्ठभाग. काच नुसती धुऊन घेतली, तर जागोजागी वेगळी दिशा पकडलेले ठिपके दिसतात आणि पडदा निरुपयोगी होतो.

कागदाने घासलेल्या काचेवर रेणू घासण्याच्या दिशेत लागतात, हे फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल मोगँ यांनी १९११ मध्ये दाखवले. घासल्याने पडलेल्या सूक्ष्म सऱ्यांना आडवे पडायचे तर रेणूंच्या रांगांना वाकावे लागते व ऊर्जा खर्च होते, म्हणून ते सरीच्या लांबीने पडतात, असे स्पष्टीकरण बेरेमन यांनी १९७२ मध्ये दिले. ते अपुरे आहे. आज काचेवर पॉलिइमाइडचा पातळ थर देऊन मखमली कापड गुंडाळलेल्या रुळाने घासतात. तेव्हा त्या बहुवारिकाच्या साखळ्याच ओढल्या जाऊन एका दिशेला लागतात आणि रेणू त्यांचे अनुकरण करतात. शिवाय रेणू पृष्ठभागापासून काही अंशांनी उचललेले राहतात. हा कल फार मोलाचा : विद्युत्-दाब देताच सगळे एकाच बाजूने उठतात. शाड्ट व हेल्फ्रिख यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या पिळदार पटलात (ज्यात रेणूंची दिशा एका काचेपासून दुसऱ्या काचेपर्यंत वळत जाते) दोन काचांच्या दिशा परस्परांशी काटकोनात असतात.

लेसिथिनसारखा लेप दिल्यास रेणू काचेवर उभे राहतात. घासण्यात धूळ व स्थिर विद्युत् निर्माण होते, हा खरा त्रास. म्हणून ध्रुवित प्रकाशाने दिशा ठरवण्याच्या पद्धती निघाल्या. इचिमुरा यांनी १९८८ मध्ये अ‍ॅझोबेंझीनच्या थरावर प्रकाश टाकून उभे रेणू आडवे आणि पुन्हा उभे करून दाखवले.

पृष्ठभागाच्या सत्तेला तापमानाची मर्यादा आहे. ५सीबी हे नेमॅटिक संयुग सुमारे ३५° से. पुढे साधा द्रव बनते. परभणी जिल्ह्यातील पालमचा उन्हाळा ४०° ओलांडतो, तेव्हा तेथे ते एकटे पडद्यात भरून चालणार नाही. यासाठी मिश्रणे वापरतात; ई-७ या मिश्रणाची ही सीमा सुमारे ६०° आहे. सीमा ओलांडल्यावर काचेलगतच्या अत्यंत पातळ थरातच थोडी शिस्त उरते. थंड झाल्यावर द्रव बहुधा जुनीच दिशा पुन्हा धरतो, कारण ती काचेवरच्या थरात कायम असते.