शेपटीतली तीन अक्षरं

शारजाच्या आमच्या घरी टीव्हीखाली ‘सखर’ कॉम्प्युटर असायचा. सखर म्हणजे अरबीत खडक. मोहम्मद अल-शारेख यांच्या कुवेतच्या अल-आलमिया कंपनीने १९८३च्या जपानी एमएसएक्स यंत्राला अरबी शिकवलं आणि आखातात विकलं.

आधी आमच्याकडे कॅसेटच होती. बाबा गाण्यांच्या टेपरेकॉर्डरला वायर लावून प्ले दाबायचे. लांब किंचाळता सूर, मग खरखर. त्या सुरापाठोपाठ एकच आकडा दहादा येतो: बेसिक भाषेतला प्रोग्राम असेल तर २११, मशीन कोड असेल तर २०८. फाइलची जात त्यावरून कळते. त्यापुढे नाव, फक्त सहा अक्षरांचं. भावाचा GANPATI नावाचा प्रोग्राम टेपवर ‘गणपत’च राहायचा.

कार्ट्रिजची ओळख आणखी साधी. बटण दाबलं की यंत्र एकेक खाच तपासतं. सुरुवातीलाच ‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरं सापडली, तर क्षणभर सूत्रं कार्ट्रिजच्या हाती देतं. बेसिकमध्ये नव्या आज्ञा येतात त्या याच दारातून. मला ही रचना आजही फार सुंदर वाटते.

मग डिस्क आली, आणि नावाला शेपटी फुटली: टिंब, बी-ए-एस. डिस्कवरच्या यादीत प्रत्येक फाइलला ३२ बाइट असतात. त्यात आठ नावाचे, तीन शेपटीचे. टिंब कुठेच साठवलेलं नसतं, ते फक्त पडद्यावर दिसतं. आणि बेसिक शेपटी बघतही नाही; फाइलचा पहिला बाइट २५५ आहे का, ते बघतं. शेपटीवर चालते ती डिस्क सांभाळणारी प्रणाली, डॉस.

पण तीनच अक्षरं का? एमएसएक्स-डॉस लिहिणाऱ्या टिम पॅटरसन यांनी ही पद्धत गॅरी किल्डॉल यांच्या १९७४च्या सीपी/एम या प्रणालीवरून उचलली. किल्डॉल इंटेलसाठी काम करताना पीडीपी-१० वापरत. त्या यंत्राचा एक शब्द ३६ बिटांचा, एक अक्षर सहा बिटांचं. पूर्ण शब्दात सहा अक्षरांचं नाव, पुढच्या अर्ध्या शब्दात तीन अक्षरांची शेपटी. पुढे नाव सहाचं आठ झालं, शेपटी मात्र तिथेच थांबली.

भावाने डिस्कवर पहिली फाइल साठवली ती तीच, GANPATI. सात अक्षरं, टिंब, बास. त्या दिवशी गणपतला त्याचा ‘आय’ परत मिळाला.